जुन्या ब्राउझरात पान पांढरं पडतं, बेबल टाकलं तरी पडतं, मग बघायचं काय

लक्षण नेहमी एकच. तुमच्या लॅपटॉपवर पान झकास, घरातल्या पोरांच्या मोबाईलवर पण झकास, आणि सावद्याच्या वखारीत काट्याशेजारी जो विंडोज ७ चा डबा ठेवलाय त्याच्यावर नुसतं पांढरं. मग फोन येतो, "भाऊ, पांढरं पान दखाई ऱ्हायनं, बाकी काहीच नई." आपण म्हणतो रिफ्रेश मारा, ते म्हणतात मारला, आपण म्हणतो क्रोम अपडेट करा, ते म्हणतात होतच नाही, आणि ते खरंच बोलत असतात, कारण विंडोज ७ आणि ८ साठी क्रोम १०९ वर थांबलंय, जानेवारी २०२३ मधलं. त्याच्यापुढचं तिथं येणारच नाही, कितीही बटणं दाबा.

मी रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात छोट्या धंद्यांची पानं करून देतो, म्हणजे केळीचं वजन, कटती (वजावट) आणि बोर्डाचा भाव टाकला की पट्टी (हिशोबाची पावती) निघते असलं काहीतरी, किंवा कृषी केंद्राची उधारीची वही. गिऱ्हाईक नवा कम्प्युटर घेणार नाही आणि त्यानं का घ्यावा, टॅली चालतंय, प्रिंटर चालतोय. त्यामुळं जुना ब्राउझर हा आपला प्रॉब्लेम, त्याचा नाही, हे मी कधीच धरून चाललोय.

पण हा प्रॉब्लेम एकदा मिटवला तरी दोन-चार महिन्यांनी परत उगवतो, आणि परत उगवतो त्याचं कारण असं की जो तो एकच औषध सांगतो, बेबल टाक, म्हणजे नवी जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझराला कळेल अशी करून देणारं साधन. बेबल चांगलंच आहे हो, पण ते एकाच दुखण्यावर चालतं आणि पांढरं पान पडायला चार वेगवेगळी दुखणी कारण असू शकतात. कुठलं आहे ते न बघता गोळी दिली तर कधी गुण येतो कधी येत नाही, आणि मग "बेबल काय कामाचं नाही भो" असं ऐकावं लागतं.

एरर आधी डोळ्यांना दिसू द्या

पांढऱ्या पानावरून कुणालाच काही कळत नाही. कम्प्युटर असेल तर एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर एरर छापतो ती जागा, उघडतो, पण वखारीतला मुनीम फोनवर तुम्हाला कन्सोल वाचून दाखवणार नाही, आणि जुन्या अँड्रॉइडवर तर कन्सोल बघायचा म्हणजे यूएसबीनं फोन लॅपटॉपला जोडायचा, आणि फोन असतो शहाद्याला आणि आपण जळगावात. म्हणून मी प्रत्येक पानाच्या हेडमध्ये, सगळ्यात वर, एक चिमुकली स्क्रिप्ट ठेवतोच ठेवतो. त्यात विंडो डॉट ऑनएररला एक फंक्शन लावायचं, ते फंक्शन आलेला मेसेज, फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर घेऊन एका डिव्हमध्ये लाल अक्षरात छापतं, आणि त्याच्याच खाली ब्राउझरचा यूजर एजंट, म्हणजे त्याचं नाव आणि आवृत्ती सांगणारी ओळ, छापतं. बॉडी अजून तयार नसते तेव्हा डॉक्युमेंट एलिमेंटलाच तो डिव्ह चिकटवायचा, चालतं. गिऱ्हाईकाला सांगायचं, लाल अक्षराचा फोटो काढून व्हॉट्सॲपला टाका. अर्धा तास फोनवर डोकं खपवण्यापेक्षा हे बरं.

ही स्क्रिप्ट मात्र अगदी जुन्या वळणानं लिहायची, नुसतं व्हार आणि फंक्शन आणि प्लस लावून जोडलेल्या स्ट्रिंग. बाणवालं फंक्शन नको, बॅकटिक नको, लेट-कॉन्स्ट नको. आणि ती स्वतंत्र टॅगमध्येच पाहिजे, बाकीच्या कोडात मिसळायची नाही. कारण असं आहे की ब्राउझर एक स्क्रिप्ट घेतो ती आधी पूर्ण वाचतो, आणि त्यात एक जरी चिन्ह त्याला कळलं नाही तर ती अख्खी स्क्रिप्ट टाकून देतो, पहिली ओळ सुद्धा चालवत नाही, पण शेजारची दुसरी स्क्रिप्ट मात्र बिनधास्त चालते. पुष्कळ लोक फाइलच्या सुरुवातीला ट्राय-कॅच लावून बसतात आणि म्हणतात पकडलंच नाही, ते ट्राय-कॅच त्याच फाइलमध्ये असतं ना, ते पण फेकलं गेलेलं असतं.

लाल अक्षरात नुसतंच "स्क्रिप्ट एरर" एवढंच आलं आणि ओळ नंबर शून्य आला तर ती स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येतेय आणि ब्राउझर तपशील लपवतोय. त्या टॅगला क्रॉसओरिजिन ॲट्रिब्यूट लावा, सीडीएन (ज्या बाहेरच्या सर्व्हरवरून फाइल येते तो) चांगला असेल तर पुढच्या वेळी पूर्ण मेसेज येतो. नाहीतर फाइल उतरवून आपल्याच होस्टिंगवर ठेवा, तेच जास्त चांगलं, का ते पुढं सांगतो.

आता मेसेज काय म्हणतोय

"अनएक्स्पेक्टेड टोकन" किंवा "अनएक्स्पेक्टेड आयडेंटिफायर" किंवा सरळ "सिंटॅक्स एरर" असं असेल तर ब्राउझरला तुमचं व्याकरणच कळलेलं नाही. टोकनपुढं जे चिन्ह छापलंय ते बघा. बाण असेल तर ब्राउझर क्रोम ४५ च्या आधीचा आहे. तीन टिंबं असतील आणि ती ऑब्जेक्टच्या महिरपी कंसात असतील तर क्रोम ६० च्या किंवा फायरफॉक्स ५५ च्या आधीचा. एकच टिंब असेल तर बहुतेक ते ?. (ऑप्शनल चेनिंग, वस्तू असेल तरच आत बघायचं चिन्ह) आहे, ते क्रोमला ८० पासून कळतं, फेब्रुवारी २०२० पासून. असिंक फंक्शन क्रोमला ५५ पासून आणि फायरफॉक्सला ५२ पासून. इथं बेबल खरंच कामाचं, हेच त्याचं काम, २०१४ मध्ये सेबॅस्टियन मॅकेन्झीनं ते काढलं तेव्हापासून नवं व्याकरण घेऊन जुन्या व्याकरणात लिहून देणं हाच त्याचा धंदा.

"अमुक इज नॉट अ फंक्शन" असं असेल तर गोष्ट वेगळी. व्याकरण कळलंय, स्क्रिप्ट चालायला पण लागलीय, पण जे फंक्शन तुम्ही बोलावलं ते त्या ब्राउझरात जन्मालाच आलेलं नाही. याला बेबल काहीही करत नाही. काहीही म्हणजे काहीही. बेबलला तुमचं ॲरे डॉट टूसॉर्टेड हे एक साधं फंक्शन बोलावणं दिसतं, त्यात बदलण्यासारखं त्याला काही वाटत नाही, जसंच्या तसं पुढं सरकवतं.

आणि आपल्याकडं सध्या जो घोळ सगळ्यात जास्त होतो तो हाच. टूसॉर्टेड, टूरिव्हर्स्ड ही मंडळी क्रोममध्ये आली ११० ला. विंडोज ७ वाला क्रोम थांबला १०९ ला. एका आकड्यानं हुकलं! पट्टीच्या पानावर मी हे समोर बसून बघितलंय, भाव चढत्या क्रमानं लावायला लिहिणाऱ्या पोरानं टूसॉर्टेड वापरलं होतं, वर बेबल लावलेलं, कन्सोलात बेबलचा तो नेहमीचा पिवळा इशारा पण दिसत होता म्हणजे बेबल चालू होतं, वजनाचा रकाना येत होता, कटतीचा येत होता, आणि भावाची यादी जिथं सुरू व्हायला पाहिजे तिथून खाली सगळं कोरं. गंमत म्हणजे त्याच डब्यावर फायरफॉक्स ११५ टाकला तर पान पूर्ण उघडत होतं, कारण फायरफॉक्समध्ये टूसॉर्टेड ११५ लाच आलंय आणि विंडोज ७ ला फायरफॉक्सची ११५ ची ईएसआर आवृत्ती चालते. त्या पोरानं व्याकरणात चूक शोधण्यात दुपार घालवली होती. उपाय होता एका ओळीचा, आधी स्लाइसनं कॉपी काढा आणि मग साधं सॉर्ट, जे पूर्वापार चालत आलंय.

ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय तर क्रोम ११७ चं, ते पण तिथं नाही. रिप्लेसऑल क्रोम ८५ चं, म्हणजे किटकॅटवाल्या (अँड्रॉइड ४.४) जुन्या फोनवर, जिथं क्रोम ८१ ला थांबलंय, तिथं ते नाही, पण ?. मात्र आहे. म्हणून "जुना ब्राउझर" असं मोघम बोलून भागत नाही, आकडा पाहिजे, आणि आकडा यूजर एजंटमधे असतो, तो लाल अक्षराखाली छापलाय तो.

अशा न जन्मलेल्या फंक्शनांसाठी पॉलिफिल, म्हणजे ती फंक्शनं मागाहून भरून देणारी स्क्रिप्ट, लागतं, आणि त्यात कोअर-जेएस हे सगळ्यात भरवशाचं. कोअर-जेएस-बंडल नावाचं पॅकेज आहे, त्यातली मिनिफाय केलेली एकच फाइल उचला, बेबलच्या आधी, आपल्या कोडाच्या आधी, साध्या स्क्रिप्ट टॅगनं लावा, टूसॉर्टेडपासून प्रॉमिसपर्यंत सगळं येतं. फेच (सर्व्हरवरून माहिती मागवणारं) मात्र त्यात नाही, ते ब्राउझरचं अंग आहे, भाषेचं नाही, त्याला वेगळं फेच पॉलिफिल. आणि एक लक्षात ठेवा, असिंक-अवेटचं बेबलनं रूपांतर केलं तरी आतून प्रॉमिस लागतंच, म्हणजे व्याकरणाचं दुखणं बरं झालं की लगेच हे दुसरं वर येतं. "रीजनरेटर रनटाइम इज नॉट डिफाइन्ड" असं आलं तर तुमची बेबलची फाइल जुनी आहे, ७.१८ पासून पुढं ते आतच भरलेलं येतं, फाइल बदला.

बेबल आहे, व्याकरणाचाच प्रश्न आहे, तरी चालत नाही

हे सगळ्यात किचकट, इथं जरा थांबतो. ब्राउझरातल्या बेबलची युक्ती साधी आहे, स्क्रिप्ट टॅगचा टाइप टेक्स्ट स्लॅश बेबल असा लिहायचा, ब्राउझरला हा टाइप माहीत नसतो म्हणून तो त्या टॅगकडं बघतच नाही, आणि मग बेबल-स्टँडअलोन येऊन ते टॅग गोळा करतं, आतला मजकूर बदलतं आणि नवी साधी स्क्रिप्ट बनवून पानात घालतं. या एवढ्याशा गोष्टीत बऱ्याच जागी पाय अडकतो.

पहिलं म्हणजे डेटा-प्रीसेट्स, बेबलनं काय काय बदलायचं ते सांगणारं टॅगचं ॲट्रिब्यूट. रिॲक्टचे धडे वाचून लोक त्यात नुसतं "रिॲक्ट" असं लिहितात. मग बेबल फक्त जेएसएक्स (रिॲक्टमधलं एचटीएमएलसारखं लिहिणं) बदलतं, बाण आणि ?. जसेच्या तसे सोडतं, आणि नव्या ब्राउझरवर सगळं नीट दिसतं म्हणून कुणाला शंका पण येत नाही. तिथं "एन्व्ह" पण पाहिजे, स्वल्पविराम देऊन दोन्ही. किंवा ते ॲट्रिब्यूट पूर्ण काढून टाका, काहीच नाही लिहिलं तर बेबल दोन्ही धरतं. म्हणजे लिहून बिघडतं आणि न लिहून चालतं, असलं हे प्रकरण.

दुसरं, डेटा-टाइपमध्ये मॉड्यूल. इम्पोर्ट लिहिता यावं म्हणून लोक हे टाकतात, पण त्यानं बेबल जी स्क्रिप्ट बनवतं ती पण मॉड्यूल प्रकारची असते, आणि मॉड्यूल क्रोमला ६१ पासून कळतं, फायरफॉक्सला ६० पासून. त्याच्या आधीचा ब्राउझर ती गुपचूप सोडून देतो, एरर नाही काही नाही, लाल अक्षर पण येत नाही. पान पांढरं आणि वर शांतता असेल तर हे आधी बघा. आणि डेटा-टाइप न लिहिता इम्पोर्ट ठेवलं तर त्याचं होतं रिक्वायर, आणि ब्राउझरात रिक्वायर नावाचं काही नसतं, "रिक्वायर इज नॉट डिफाइन्ड". युजबिल्टइन्स हे सेटिंग लावून बेबलकडून पॉलिफिल आपोआप घालून घ्यायला गेलात तरी हेच होतं, ती सोय बिल्ड करताना, म्हणजे पान चढवायच्या आधी आपल्या कम्प्युटरवर फाइली तयार करताना, वापरायची, ब्राउझरात नाही. जुन्यासाठी ब्राउझरात बेबल वापरायचंच असेल तर इम्पोर्ट सोडा, साधे टॅग एकाखाली एक लावा.

तिसरं, वेळ. बेबल हे टॅग डॉम-कंटेंट-लोडेड झाल्यावर, म्हणजे ब्राउझरनं पान पूर्ण वाचल्यावर, हातात घेतं. म्हणजे खाली साध्या स्क्रिप्टमध्ये तुम्ही वरच्या बेबलवाल्या टॅगमधलं फंक्शन बोलावलं तर ते अजून बनलेलंच नसतं, "इज नॉट डिफाइन्ड". आणि उलटं पण होतं, बेबलवाल्या कोडातच तुम्ही डॉक्युमेंटवर डॉम-कंटेंट-लोडेडची वाट बघत बसलात, तर ती घटना डॉक्युमेंटवरून होऊन गेलेली असते, तुमचं फंक्शन जन्मभर वाट बघतं. त्याऐवजी रेडीस्टेट तपासा, "लोडिंग" नसेल तर सरळ फंक्शन चालवा.

चौथं, डबलक्लिक. पेनड्राइव्हवर पान नेऊन डबलक्लिकनं उघडायची आपल्याकडं फार सवय, नेट नसतं ना सगळीकडं. टॅगच्या आतच कोड असेल तर चालतं, पण बेबलवाल्या टॅगला एसआरसी देऊन वेगळी फाइल जोडली असेल तर बेबल ती एक्सएचआरनं (स्क्रिप्टमधून फाइल मागवायची रीत) मागवतं, आणि फाइल कोलन करून उघडलेल्या पानाला क्रोम ते करू देत नाही. मग एक तर कोड आत टाका, नाहीतर छोटा लोकल सर्व्हर चालवा.

आणखी, ऑनक्लिकमध्ये थेट लिहिलेला कोड बेबल बघत नाही. बटणाच्या ऑनक्लिकमध्ये बाण लिहिलात तर तो बाणच राहतो. आणि दुसरीकडून आणलेली लायब्ररी साध्या टॅगनं जोडली असेल तर ती पण बेबलच्या हाताखालून जात नाही, तिच्यात ?. असेल तर ती जुन्यावर पडणार. बूटस्ट्रॅप ५ नं आणि रिॲक्ट १८ नं इंटरनेट एक्सप्लोरर ११ सोडलाय, व्ह्यू ३ प्रॉक्सी या भाषेतल्या सोयीवर उभं आहे आणि प्रॉक्सीचं पूर्ण पॉलिफिल होतच नाही, ते क्रोम ४९ पासूनच. रिॲक्ट १९ मध्ये तर स्क्रिप्ट टॅगनं जोडायची यूएमडी फाइलच काढून टाकलीय. त्यामुळं जुना धडा बघून नुसता नंबर बदलून १९ केला तर फाइलच सापडत नाही, आणि शिव्या बेबलला.

एक अशी गोष्ट पण आहे जी व्याकरणाची असूनही बेबलला जमत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं मागं वळून बघणं, लुकबिहाइंड. क्रोमला ६२ पासून येतं पण सफारीला १६.४ पर्यंत येत नव्हतं, म्हणजे मार्च २०२३ पर्यंत. आयफोन ७ आयओएस १५ वर थांबलाय, आणि सेकंडहँड आयफोन ७ आपल्या भुसावळ-जळगावात अजून खिशाखिशात आहे. रकमेत लाख-हजाराचे स्वल्पविराम टाकायला लोक नेटवरून एक लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशन उचलतात, त्यात हे लुकबिहाइंड असलं की त्या आयफोनवर "इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम" येतं आणि अख्खी फाइल आडवी, स्वल्पविरामापायी पट्टी गेली. टूलोकेलस्ट्रिंगला हिंदुस्थानी इंग्रजी लोकेल (en-IN) द्या, स्वल्पविराम आपसूक पडतात. मराठी लोकेल दिलं तर आकडे पण देवनागरी येतात, ते छान दिसतं, पण तो छापलेला आकडा परत वाचून त्याच्यावर पार्सफ्लोट चालवू नका, नॅन (आकडा नाही) मिळेल.

फाइलच येत नाही असं पण होतं

कोडात काहीच खोट नाही, प्रीसेट बरोबर, तरी "बेबल इज नॉट डिफाइन्ड". नेटवर्क टॅबमध्ये बघा, बेबलची फाइल लाल असेल. जुन्या अँड्रॉइडवर याचं एक पक्कं कारण आहे, सर्टिफिकेट. लेट्स एनक्रिप्टचं जुनं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि नवं मूळ अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांना ओळखीचं नाही. मधे त्यांनी एक जोडसही देऊन जुन्या फोनांचं निभावलं होतं, तेही सप्टेंबर २०२४ ला संपलं. मग अशा सर्टिफिकेटच्या जागेवरून येणारी स्क्रिप्ट तो फोन घेतच नाही. फायरफॉक्स स्वतःची सर्टिफिकेटं स्वतःबरोबर आणतो, त्यामुळं त्याच फोनवर फायरफॉक्समध्ये चाललं आणि फोनच्या ब्राउझरमध्ये नाही असं झालं की दुखणं हेच समजा. आणि हो, ज्या फोनची तारीख बॅटरी काढल्यावर मागं गेलीय त्यावर पण असंच होतं, आधी तारीख बघायला सांगा, हसू नका, फार वेळा तेच निघतं.

पॉलिफिल डॉट आयओ कुणाच्या पानात अजून असेल तर आजच काढा. ब्राउझर बघून हवं तेवढंच पॉलिफिल पाठवायची ती सोय होती, चांगली होती, पण २०२४ च्या फेब्रुवारीत ते डोमेन एका चिनी कंपनीच्या हातात गेलं आणि जूनमध्ये उघड झालं की त्यातून वाईट कोड पाठवला जातोय, लाखावर साइट त्यात सापडल्या. म्हणून वर म्हटलं की फाइल आपल्या होस्टिंगवर ठेवा. बेबल असो, कोअर-जेएस असो, ठरावीक आवृत्ती उतरवायची, आपल्या फोल्डरात ठेवायची. सीडीएनच्या पत्त्यात "लेटेस्ट" लिहिणं हे तर स्वतःच्या हातानं पांढरं पान बोलावणं आहे, आज चालतंय ते उद्या का बंद पडलं याचं उत्तर पुष्कळदा तिथंच असतं.

मग बेबल ब्राउझरात ठेवायचं का

माझं मत स्पष्ट आहे, दाखवायला, शिकायला, घाईच्या डेमोला ठेवा, गिऱ्हाईकाच्या रोजच्या पानात नको. बेबल-स्टँडअलोनची मिनिफाय केलेली फाइल सुद्धा ३ एमबीच्या घरात जाते, आणि ती उतरवून झाली की जुन्या प्रोसेसरला ती वाचायची असते, मग तुमचा कोड वाचून बदलायचा असतो, आणि हे दरवेळी पान उघडताना, परत परत. म्हणजे ज्याचा डबा सगळ्यात हळू त्याच्यावरच सगळ्यात जास्त ओझं टाकलं. शिवाय बेबल स्वतः जावास्क्रिप्टच आहे, फार जुन्या ब्राउझरात मॅप, सिंबल असलं काही नसेल तर बेबलच आधी पडतं, तुमच्या कोडापर्यंत येतच नाही. बेबलचा तो पिवळा इशारा पण हेच सांगत असतो, लाइव्ह साइटवर स्क्रिप्ट आधीच रूपांतर करून ठेवा म्हणून.

"पण नोड टाकायला जमत नाही, वेबपॅक डोक्यावरून जातं" असं या बिल्डच्या साधनांबद्दल म्हणणारे भाऊ-ताई आहेत, आणि एका फाइलच्या पानासाठी एवढा पसारा मांडायची गरज पण नाही. बेबलच्या साइटवर "ट्राय इट आउट" म्हणून पान आहे, डावीकडं तुमचा कोड टाका, टार्गेटमध्ये क्रोम ४९ किंवा जे काय तुमचं सगळ्यात जुनं असेल ते लिहा, उजवीकडचा कोड उचलून साध्या डॉट जेएस फाइलमध्ये ठेवा. संपलं. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा म्हणजे पुढचा बदल त्यात करता येईल, रूपांतर झालेल्या कोडात हात घालायला गेलात तर डोकं धरून बसाल. पॉलिफिल यात येत नाही, ते कोअर-जेएसचं वेगळं लावायचंच.

नोड जमत असेल तर मग ब्राउझरलिस्ट या सेटिंगमध्ये सगळ्यात जुना आकडा एकदा लिहून टाका आणि बिल्डला ते काम करू द्या, युजबिल्टइन्स इथं खरंच उपयोगी. वीट (Vite) या बिल्डच्या साधनात लेगसी प्लगइन आहे, ते नव्यासाठी एक आणि जुन्यासाठी नोमॉड्यूल लावून दुसरी अशा दोन फाइली काढतं. ईएसबिल्ड या दुसऱ्या साधनावर मात्र विसंबू नका, ते ईएस ५ (जुनी जावास्क्रिप्ट) पर्यंत खाली आणत नाही. आणि बिल्ड करूनही ?. चा एरर आला तर नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात शोधा, बेबल-लोडर लावताना ते फोल्डर वगळायची सगळ्यांची सवय आहे, तिथल्या एखाद्या पॅकेजनं नवं व्याकरण तसंच पाठवलेलं असतं.

मधला मार्ग पण आहे. वरच्या त्या जुन्या वळणाच्या स्क्रिप्टमध्ये एक चाचणी घाला, न्यू फंक्शनला ?. असलेली एक ओळ स्ट्रिंग म्हणून द्या आणि त्याला ट्राय-कॅचमध्ये ठेवा, फेकलं तर जुना ब्राउझर, मग रूपांतर केलेली फाइल जोडा, नाही फेकलं तर मूळ फाइल. स्ट्रिंगमध्ये असल्यामुळं बाकी स्क्रिप्ट पडत नाही. असंच टूसॉर्टेड आहे का ते बघून कोअर-जेएस जोडायचं की नाही ते ठरवता येतं, नव्या फोनवाल्याला उगाच ओझं नको.

तपासायचं मात्र खऱ्या डब्यावर. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये मोबाईलचं चित्र निवडलं म्हणजे जुना ब्राउझर होत नाही, फक्त रुंदी आणि यूजर एजंट बदलतो, इंजिन तुमचंच राहतं. मी एक जुना विंडोज ७ चा लॅपटॉप आणि एक किटकॅटचा फोन टेबलाखाली ठेवलाय, गिऱ्हाईकाकडं पान जायच्या आधी त्याच्यावर उघडतो. ज्यांच्याकडं नाही त्यांनी गावातल्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन उघडून बघा, तिथं हमखास जुना डबा असतो.

जिओफोनसाठी यातलं काहीच करू नका. त्याच्यात कायओएस आहे, आतलं इंजिन फायरफॉक्स ४८ च्या काळातलं, बाण आणि क्लास कळतात, असिंक आणि ऑब्जेक्टची तीन टिंबं कळत नाहीत, म्हणजे रूपांतराला सोपंच, पण रॅम ५१२ एमबी, ब्राउझरातलं बेबल त्याला झेपणार नाही. ऑपेरा मिनीचा जास्त बचतीचा मोड असेल तर स्क्रिप्ट त्यांच्या सर्व्हरवर चालते आणि फोनवर तयार पान येतं, तिथं तुमची युक्ती कितपत लागेल सांगता येत नाही. या लोकांना बहुतेक आजचा भाव बघायचा असतो, बस. तो सर्व्हरवरच टेबलात छापून पाठवा, साधं एचटीएमएल, खाली एक फॉर्म आणि सबमिटचं बटण, पट्टीचा हिशोब सर्व्हरला करू द्या.